सायलेन्सर ‘सेट’ होत नसतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट. आंबा घाटाच्या रस्त्यावर दगड लागून सायलेन्सरचा मधला पाइप फुटला. रत्नागिरीकडच्या एका दुकानात मधे जोड मारून घेतला, मागचा डबाही गंजला होता म्हणून तो बाहेरच्या कंपनीचा नवा टाकला. तेव्हापासून स्पीडब्रेकरवर मागून ठण् असा आवाज येतो, साठ-सत्तरच्या वेगाला गाडीत घुमल्यासारखं होतं, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आणि मागच्या सीटवर धुराचा वास येतो. दुकानदार म्हणतो, ‘नवीन आहे, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल.’ तुम्ही विचारलंय, डबा हलका मिळाला का, आणि कंपनीचा घेतला तर हे सगळं थांबेल का.

डब्याबद्दल पुढे बोलूच. आधी वासाचं. वास येतोय तोवर ही गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका आणि मागच्या सीटवर कुणाला बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तुम्हाला येतो तो धुरातल्या बाकीच्या घटकांचा वास. पण तो आत येतोय म्हणजे त्याच वाटेने मोनॉक्साइडही येऊ शकतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणून थोडा थोडा आत गेला तरी साचत जातो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आपल्याकडे घाटात पोरांना असं झालं की आपण म्हणतो, ‘गाडी लागली.’ लिंबू हुंगायला देतो, डोकं मांडीवर घेऊन झोपवतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असंच एक कुटुंब आलं होतं, गाडीच्या वेगळ्याच कामासाठी. बोलता बोलता आई म्हणाली, धाकटीला हल्ली फार गाडी लागते, आधी लागत नव्हती. मी गाडी रॅम्पवर घेतली. सायलेन्सरचं मागचं तोंड बंपरच्या आतच संपत होतं आणि डिकीच्या तळातला एक रबरी बूच गायब होता. एका दुकानात डबा बदलताना शेवटचा वीतभर पाइप ‘बसत नाही’ म्हणून कापला होता. पाइप बंपरच्या बाहेरपर्यंत वाढवला, बूच बसवला, त्यानंतर पोरीला गाडी लागली नाही. तेव्हापासून कुणी सायलेन्सरची तक्रार घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारतो, मागे कोण बसतं आणि त्याला काही होतं का.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवावीच लागली तर चारही काचा खाली, ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या बाजूला, डिकी घट्ट बंद. फक्त मागची एक काच उघडून जाऊ नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथे धूर घुटमळतो, आणि एकच काच किंवा डिकीची फट उघडी असेल तर तो उलट आत ओढला जातो. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून तपासणी करू नका. गाडीला सीएनजी किट असेल तर वासावर अजिबात विसंबू नका, सीएनजीच्या धुराला वास कमीच असतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात. गाडी समोर नसताना छातीठोक सांगता येणार नाही, पण माझ्या अंदाजाने त्या चारही एकाच चुकीच्या आहेत. सायलेन्सर, म्हणजे इंजिनापासून मागच्या तोंडापर्यंतचे सगळे पाइप आणि डबे, गाडीला टांगलेला असतो. पुढे इंजिनाला एक जोड आणि तिथून मागे सगळं रबरांवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, क्लच सोडला की ते मागेपुढे झुलतं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर जास्तच. मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली होतो. शिवाय लोखंड तापलं की वाढतं. पुढून मागेपर्यंत साधारण तीन मीटर पाइप धरा, तो सरासरी तीनशे अंशांनी तापला तर जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होतो. म्हणजे सायलेन्सर झुलतो, लांबतो, परत आखडतो, आणि हे सगळं करायला त्याला मोकळीक लागते. तुमच्या गाडीत तो ओढूनताणून जागेवर आणलाय असं दिसतं. ताण देऊन बसवलेली वस्तू पाचशे काय, पाच हजार किलोमीटरनेही सेट होत नाही. ती जिथे कमजोर असेल तिथे फुटते.

हा ताण येतो कुठून? दुकानात बहुतेक वेळा असं होतं. बाहेरच्या डब्याची टांगायची कडी मूळ जागेपेक्षा बोटभर इकडेतिकडे असते. फिटर आधी मधला जोड वेल्डिंगने पक्का करतो, मग मागे जातो. रबर कडीपर्यंत पोचत नाही. तेव्हा कुणीतरी डबा खांद्याने रेटतो, दुसरा रबर चढवतो, काम झालं. पुढे एका अंशाचा वाक चुकला असेल तर मागे तो दोन इंच होतो. हे दोन इंच रबर ओढून भरून काढले की रबर सतत एका बाजूला ताणलेलं राहतं आणि पाइप कुठेतरी टेकतो. मागून दिलेला रेटा पहारीसारखा पुढच्या जोडावर जातो आणि तिथलं पॅकिंग एका अंगाने उघडतं.

चेक इंजिनच्या दिव्याचं कोडं इथेच सुटण्याची शक्यता आहे. काम झालं मागे आणि दिवा लागला पुढचा, असं का? बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाजवळच असतो, त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर. पुढच्या जोडात फट पडली तर धूर बाहेर येतोच, पण बाहेरची हवाही आत जाते. धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो, दोन झटक्यांच्या मधे पाइपात किंचित ओढ तयार होते, तेव्हा फटीतून हवा आत घुसते. ही फट पहिल्या सेन्सरच्या आधी किंवा अगदी लगत असेल तर सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतं, ॲव्हरेज पडतं आणि कॅटकॉन नको तितका तापतो. फट दोन्ही सेन्सरच्या मागे असेल तर मात्र दिव्याचा तिच्याशी संबंध नाही, तिथे फक्त आवाज आणि वास.

म्हणून दिवा लागताना ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड आधी वाचून घ्या. स्कॅनर आता छोट्या गॅरेजमध्येही असतो. पी०१७१ आला तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी वाटतंय, तेव्हा पुढची फट पाहा, ती नसेल तर इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या बाजूला, जादा हवा कुठून जाते ते पाहा. पी०४२० आला तर कॅटकॉन नीट काम करत नाही असं ईसीयूला वाटतंय, पण दुसऱ्या सेन्सरजवळची फटही हाच कोड आणू शकते, तेव्हा लगेच कॅटकॉन बदलायला धावू नका. पी०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरची लाइन. तो आला तर मी सरळ वायर बघतो. काम करताना सेन्सरची वायर क्लिपमधून काढतात, परत अडकवत नाहीत, ती गरम पाइपावर लोंबते आणि वितळते. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली होती का, हेही विचारा. काढली नसेल आणि दिवा त्याच दिवशी लागला असेल तर सेन्सर आणि ईसीयूची वायरिंग तपासावी लागेल. एक गोष्ट संकोच न करता पाहा: कॅटकॉन तुमचाच आहे ना? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात आणि तो कापून विकणारे लोक आहेत. तुमच्याकडे असं झालं असेल असं मी म्हणत नाही, पण खाली उभे आहात तर नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

घरच्या घरी काय बघता येईल ते सांगतो. गाडी सपाट जागी उघड्यावर, इंजिन पूर्ण गार, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असली तरी. पिट किंवा रॅम्प मिळाला तर उत्तम.

सायलेन्सरचं मागचं तोंड हातमोजा घालून धरा आणि चारी बाजूंनी हलवा. तो रबरांवर सगळीकडे सारखा झुलला पाहिजे. एका बाजूला सहज जातो आणि दुसरीकडे टणक लागतो, तर ताण त्याच बाजूला आहे. रबरांकडे पाहा, ती सरळ लोंबायला हवीत. तिरकी, लांबट झालेली रबरं हा ताणाचा सगळ्यात सोपा पुरावा. मग टॉर्चने वरचा पत्रा, ॲक्सल, हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) पाहा. जिथे लोखंड घासतं तिथे गंज जाऊन चकाकी येते.

ठण् आवाज ॲक्सलचाच आहे का हे कळायला माझी जुनी युक्ती आहे. गार पाइपावर, ॲक्सलच्या समोर, कणकेचा गोळा चिकटवायचा आणि इंजिन तापायच्या आत गाडी एका स्पीडब्रेकरवरून हळू न्यायची. परत येऊन गोळा किती चेपला ते पाहायचं. जेवढा जाड उरला तेवढीच खरी मोकळी जागा. पापडासारखा झाला असेल तर उत्तर मिळालं. गॅरेजमध्ये ही गोष्ट निसटते, कारण दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात आणि ॲक्सल पाइपापासून लांब जातो. मोकळी जागा भरपूर दिसते. गाडी खाली येऊन चार माणसं बसली की ती जागा गेलेली असते. म्हणून शेवटची तपासणी चाकांवर भार असताना, पिटवर किंवा चारही चाकं टेकणाऱ्या रॅम्पवरच करायची.

आवाजाची वेळही लक्षात ठेवा. गार असताना गप्प आणि दहा-पंधरा मिनिटांनी खडखड सुरू झाली, तर पाइप लांबून कुठेतरी टेकतोय. याच्या उलट, सकाळी चालू करताना फटफट आणि गरम झाल्यावर बंद, तर एखादा जोड किंवा पॅकिंग गळतंय आणि तापून फुगल्यावर तात्पुरतं मिटतंय. दुसरा प्रकार लोक सोडून देतात, ‘थोड्या वेळाने जातो आवाज’ म्हणून. तो सोडू नका.

गळती शोधायला गार इंजिन चालू करून एकाने ओला जाड फडका मागच्या तोंडावर काही सेकंद धरायचा. सायलेन्सर घट्ट असेल तर दाब फडक्याला ढकलतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. ते निवांत चालत राहिलं आणि मधे कुठे फुस्स ऐकू आलं, तर तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. डब्याच्या तळाला एखादं बारीक भोक दिसेल आणि त्यातून थेंब येतील, त्याला मात्र हात लावू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफेने बाहेर जातं, पण छोट्या फेऱ्यांत डब्यातच साठतं. ते भोक त्याच्यासाठी ठेवलेलं असतं. मी ते वेल्डिंगने बुजवलेलं पाहिलंय, आणि तो डबा पुढे आतून सडलेलाही पाहिलाय.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पीयूसीची नळी मागच्या तोंडात जाते. वाटेत गळती असेल तर तिथे उलट कमी आकडा दिसू शकतो.

घुमण्याची दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय वेगळे. साठ-सत्तरला इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आसपास असेल, तर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ऐंशीच्या वर ठोके देतं. पाइप पत्र्याला टेकला की अख्खा तळ ढोलासारखा वाजतो. गाडी उभी करून तेवढाच रेस दिला आणि साथीदाराने लाकडाने पाइप थोडा बाजूला रेटला की आवाज बदलत असेल, तर हेच कारण. बदलत नसेल तर मधला छोटा डबा जागेवर आहे का बघा. फुटलेला भाग कापताना तो डबाच काढून सरळ पाइप टाकलेला असू शकतो. मग पाइप कितीही नीट टांगा, घुमणं जाणार नाही, तो डबा परत टाकावा लागेल.

आता दुरुस्ती. चांगल्या मिस्त्रीला मी काय करायला सांगेन ते लिहितो, म्हणजे तुम्हाला समोर उभं राहून बघता येईल. मधला वेल्डिंगचा जोड कापायचा. मग पुढच्या जोडापासून मागपर्यंत सगळे नट-बोल्ट सैल करायचे आणि सायलेन्सर नव्या रबरांवर नुसता लोंबू द्यायचा. ही पायरी कुणी गाळत असेल तर काम थांबवा. पाइप स्वतःच्या वजनाने कुठे येतो ते दिसलं की डब्याची कडी चुकीच्या जागी आहे का ते कळतं. असेल तर कडी कापून योग्य जागी वेल्ड करायची, रबर ओढायचं नाही आणि पाइपही वाकवायचा नाही. सगळीकडे बोटभर तरी मोकळी जागा, ॲक्सलजवळ त्याहून जास्त. पेट्रोलच्या लाइनबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पष्ट आकडाच आहे: ३५ मिलिमीटरच्या आत धुराचा पाइप नको. धूर मागे किंवा उजवीकडे सोडायचा, खाली किंवा डावीकडे नाही, हेही त्याच नियमांत आहे. मागचं तोंड बंपरच्या बाहेर आलंच पाहिजे.

मग पुढून मागे या क्रमाने घट्ट करत यायचं. मधला जोड समोरासमोर टोकं लावून मारलेल्या वेल्डिंगचा नको. एक पाइप दुसऱ्यात दीड-दोन इंच शिरवून वर पट्टीचा क्लॅम्प लावलेला बरा, पुढच्या वेळी काम निघालं तर कापावं लागत नाही. वेल्डिंगच करायचं ठरलं तर पूर्ण घेर भरायचा, चार टाके मारून वरून पेस्ट फासायची नाही. वेल्डिंगजवळचा वरचा मुलामा जळतो आणि कोकणातल्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून घासून उष्णता सोसणारा रंग द्यायचा. जोडाला नळाच्या जीआय पाइपचा तुकडा वापरला असेल तर तो काढून टाका. तो जड असतो आणि तापल्यावर त्याचा जस्ताचा मुलामा टिकत नाही. साधं सिलिकॉन सीलंट पुढच्या जोडाला कुणाला लावू देऊ नका, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

पुढच्या जोडाकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत तिथे गोल पॅकिंग आणि स्प्रिंगचे दोन बोल्ट असतात, काहींत जाळीची लवचीक नळी. इंजिनाचं झुलणं तिथेच जिरतं. स्प्रिंग हरवली म्हणून साधे बोल्ट टाकून आवळले, किंवा लवचीक नळीच्या जागी सरळ पाइप वेल्ड केला, तर प्रत्येक क्लचला मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या भागावर, हिसका बसतो आणि काही महिन्यांत तडा जातो. तुमच्या गाडीत इथे काय आहे ते पाहा आणि तसंच परत बसवून घ्या. पॅकिंग नवीनच हवं, एकदा दबलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा तसं बसत नाही.

म्हणजे कंपनीचा डबा घ्यावा का? कड्या जागेवर आणता येत असतील आणि मधला डबा शाबूत असेल तर आहे तोच ठेवा, रबरं, पॅकिंग आणि मजुरीवर भागेल. कड्या खूपच चुकलेल्या असतील किंवा डब्याचा पत्रा वेल्डिंगला भोकं पाडण्याइतका पातळ असेल, तर मात्र कंपनीचा घ्या. पण तोही याच पद्धतीने बसवला नाही तर हीच तक्रार घेऊन परत याल.

त्याच दुकानात जावं का, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. मी एकदा जाईन. भांडायला नव्हे. तिरक्या रबरांचे आणि घासलेल्या जागांचे फोटो दाखवायचे आणि नेमकं मागायचं: जोड कापून, सगळं सैल करून, परत टांगून द्या. बिल नसेल तर पैसे दिल्याची यूपीआय नोंद आणि त्यांचे मेसेज जपून ठेवा. चांगला फिटर फोटो बघून स्वतःच मान डोलावतो. त्याने तार बांधायला घेतली किंवा हातोडा उचलला, तर गाडी काढून दुसरीकडे जा. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण वास येणारी गाडी त्या निकालासाठी थांबवून ठेवू नका, आधी नीट करून घ्या.

काम झाल्यावर मागच्या सीटवर स्वतः बसा, दुसऱ्याला चालवायला सांगा. आधी काचा बंद करून पाच मिनिटं, मग मागची एक काच थोडी उघडून पाच मिनिटं. नंतर एकदा घाट चढून या, गार झाल्यावर सगळे क्लॅम्प परत आवळा आणि रबरं सरळ आहेत का ते बघा. त्या फेरीत वास आला नाही, तरच मुलांना मागे बसवा.